कॅमेरा दिवसा लावा, बिल रात्री द्या!



घाटकोपरच्या एखाद्या गल्लीतलं किराणा दुकान डोळ्यांसमोर आणा. तुम्ही दुपारी कॅमेरा लावला, शेठला मोबाइलवर चित्र दाखवलं, पैसे घेतले आणि निघालात. दोन महिन्यांनी रात्री कोणीतरी शटर उचकटलं. पोलिसांनी फुटेज मागितलं. फुटेज आहे, पण चोराच्या चेहऱ्याच्या जागी नुसता पांढरा गोळा! आता त्या गल्लीत तुम्हाला दुसरं काम कोण देईल?

बऱ्याचदा कॅमेरा चांगलाच असतो. रात्रीचं चित्र कोणी पाहिलेलंच नसतं.

आधी हे समजून घ्या. अंधार पडला की कॅमेऱ्यातून 'टिक्' असा आवाज येतो. सेन्सरपुढचा इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर बाजूला सरकतो, आयआर एलईडी लागतात आणि चित्र काळं-पांढरं होतं. ८५० नॅनोमीटरचे एलईडी अंधारात मंद लाल दिसतात. ९४० चे डोळ्यांना दिसत नाहीत, पण त्यांचा पल्ला कमी पडतो. आणि अंतर दुप्पट झालं की प्रकाश चौथा हिस्साच उरतो. म्हणून जवळचं शटर चकाकतं आणि लांबचा माणूस काळोखात जातो.

मग रात्री काय तपासायचं?

१. भिंत आणि पत्रा : फ्रेमच्या कडेला पांढरी भिंत, छज्जा किंवा पत्रा असेल तर प्रकाश त्यावर आपटून परत येतो आणि बाकीचं चित्र काळवंडतं. कॅमेरा थोडा फिरवा किंवा ब्रॅकेट लावून पुढे घ्या.

२. काच : शोरूमच्या काचेआडून आयआर चालत नाही, स्वतःचाच उजेड दिसतो. आयआर बंद करा आणि बाहेर एक दिवा ठेवा. डोम कॅमेऱ्यात लेन्सभोवतीची फोमची रिंग कव्हरला नीट टेकली पाहिजे. कव्हरवर बोटांचे ठसेही नकोत.

३. किडे आणि पाऊस : उजेडाला किडे येतात, किड्यांमागे कोळी येतो. बोरिवलीत नॅशनल पार्कच्या बाजूला काम घेतलंत तर हे धरूनच चाला. पावसाचे थेंबही लेन्ससमोर पांढऱ्या रेघा मारतात. कॅमेरा छपराखाली घ्या. तरीही त्रास असेल तर कॅमेऱ्यातला आयआर बंद करून वेगळा आयआर दिवा थोडा लांब लावा.

४. चेहरा : चोर जिथे उभा राहील तिथे माणूस उभा करा. चेहरा पांढरा पडला तर 'स्मार्ट आयआर' चालू करा किंवा आयआरचा जोर कमी करा. मुलुंडच्या सोसायटीला गेटवर गाडीचा नंबर हवा असेल तर वेगळा कॅमेरा सुचवा. नंबरप्लेट प्रकाश सरळ परत फेकते, तिथे शटर स्पीड वाढवावा लागतो.

५. अडॅप्टर : दिवसा ठीक आणि रात्री बंद-चालू होणारा कॅमेरा बदलायची घाई करू नका. आयआर लागला की करंट जास्त लागतो. हलका अडॅप्टर किंवा लांब, बारीक वायर असेल तर १२ व्होल्ट कॅमेऱ्यापर्यंत पोहोचतच नाहीत. मीटर लावून बघा.

गिऱ्हाइकाला एक गोष्ट आधीच सांगा : इन्फ्रारेडमध्ये कपड्यांचा रंग फसवतो. काळा शर्ट पांढराही दिसू शकतो. रंग हवाच असेल तर दुकानाबाहेर साधा दिवा रात्रभर चालू ठेवायला सांगा.

आता धंद्याचं बोलू. अंधेरीत मरोळच्या एखाद्या गाळ्याचं कोटेशन देताना त्यात 'रात्रीची तपासणी' अशी वेगळी ओळ लिहा आणि तिचे पैसे लावा. फुकट दिलेल्या फेरीला किंमत राहत नाही. त्या रात्रीचा फोटो शेठच्या व्हॉट्सॲपवर पाठवा आणि मगच बिल द्या. पावसाळ्यानंतर कव्हर पुसायला, जाळी काढायला परत जा. वार्षिक देखभालीचं काम तिथूनच सुरू होतं.

आज रात्री ओळखीच्या एखाद्या दुकानासमोर उभे राहा आणि मालकाच्या मोबाइलवर स्वतःचा चेहरा शोधा. ओळखू आला नाही, तर तुमचं पहिलं काम तिथेच आहे.