भूल किती चढली, हे कसे कळते?

‘डॉक्टर, ऑपरेशन चालू असताना मध्येच जाग आली तर?’ साताऱ्याहून सांगली-मिरजेला ऑपरेशनसाठी निघालेला पेशंट माझ्याकडून चिठ्ठी घेताना हळूच विचारतो. प्रश्न अजिबात खुळा नाही.

१२ जानेवारी १९२४ रोजी पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी गांधीजींचे अपेंडिक्सचे ऑपरेशन केले. क्लोरोफॉर्मची भूल दिलेली, आणि मध्येच वीज गेली! कंदिलाच्या उजेडात काम पुरे झाले. त्या काळी भूल किती चढली हे ओळखायला श्वास, नाडी आणि डोळ्यांच्या बाहुल्या एवढाच आधार. भूल उतरू लागली की पेशंट हातपाय हलवी, तीही एक खूणच.

पुढे १९४२ पासून स्नायू सैल करणारी औषधे भुलीसोबत वापरात आली. सर्जनची सोय झाली, पण एक खूण गेली. अशा पेशंटला जाग आली तरी बोटसुद्धा हलवता येत नाही. मग लक्ष ठेवायचे ते नाडी, रक्तदाब, घाम, डोळ्यांतले पाणी यांवर. त्यातही गोम आहे. रक्तदाबाच्या काही गोळ्या नाडी वाढूच देत नाहीत. उलट रक्तस्राव झाला तर भूल पुरेशी असूनही नाडी पळते.

म्हणून थेट मेंदूलाच विचारायचे ठरले. माणसाच्या मेंदूतील विद्युतलहरी हान्स बर्गर या जर्मन डॉक्टरने प्रथम नोंदवल्या, त्याही १९२४ सालीच. जागेपणी या लहरी बारीक व जलद असतात, भूल चढली की मोठ्या व संथ होतात. कपाळावर पट्टी चिकटवून यंत्र त्या टिपते आणि हिशेब करून एक आकडा दाखवते. ‘बिस’ नावाच्या अशा यंत्राला १९९६ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. पूर्ण जागा माणूस १०० च्या आसपास; ऑपरेशनला ४० ते ६० योग्य.

मात्र हा आकडा म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे. केटामाइन दिले तर माणूस गाढ असूनही आकडा चढा राहतो. २००८ साली अमेरिकेत सुमारे २००० पेशंटांवर तुलना झाली, तेव्हा श्वासातून बाहेर येणारा भुलीचा वायू मोजत राहणे ‘बिस’पेक्षा कमी पडले नाही. त्यामुळे ‘तिथे ते मशीन नाही’ म्हणून कोणी हाय खाऊ नये. इंग्लंड-आयर्लंडमधील २०१४ च्या पाहणीत जाग आल्याची तक्रार साधारण १९,००० भुलींमागे एकीने झाली होती. तातडीच्या सिझेरियनला पूर्ण भूल दिली तर हा धोका अधिक.

पाठीत इंजेक्शन देऊन केलेल्या सिझेरियनची गोष्ट वेगळी. ‘मला सगळं ऐकू येत होतं,’ असे बाळंतीण घाबरून सांगते, पण तिथे जागे असणेच अपेक्षित आहे.

भूलतज्ज्ञ आदल्या दिवशी तपासायला येतात तेव्हा दारू, तंबाखू, झोपेच्या व रक्तदाबाच्या गोळ्या, सगळे सांगा. रोज पिणाऱ्याला भूल जास्त लागू शकते. सासरे शेजारी उभे असले की जावईबापू ‘कधीमधी’ म्हणतात. त्यांनी सासऱ्यांना चहाला पाठवावे आणि मग बोलावे. पूर्वीच्या ऑपरेशनात काही जाणवले असेल तर तेही सांगा. आणि पूर्ण भुलीनंतर शुद्धीवर येऊन आतले बोलणे किंवा वेदना आठवत असतील, तर ‘स्वप्न पडलं असेल’ म्हणून गप्प बसू नका. घरी जाण्याआधी भूलतज्ज्ञांना बोलावून घ्या. आठवण आठवड्याने आली, तरी कळवा.