पोटरीतला पंप

तासन् तास फळ्यापुढे उभे राहणाऱ्या शिक्षकांच्या किंवा एस. टी. कंडक्टरांच्या पायांवर कधी कधी निळ्या, फुगलेल्या, नागमोडी शिरा दिसतात. यांनाच ‘व्हेरिकोज व्हेन्स’ म्हणतात. हल्ली अशा नीलेत बारीक तंतू घालून लेसरच्या उष्णतेने ती आतूनच बंद करतात. रक्त मग शेजारच्या निरोगी नीलांतून वर जाते. गंमत अशी, की उपचार संपताच डॉक्टर रोग्याला बहुधा झोपवीत नाहीत, चालायला लावतात! असे का?

हृदयापासून घोट्यापर्यंतचे अंतर १२० सेंटिमीटर धरा. रक्ताची घनता १.०६, पाऱ्याची १३.६. म्हणजे स्तब्ध उभ्या माणसाच्या घोट्याजवळच्या नीलेत १२० × १.०६ ÷ १३.६, अर्थात पाऱ्याच्या सुमारे ९४ मिलिमीटर उंचीइतका दाब असतो. हृदयाचा रेटा नीलांपर्यंत पोचेतो फारच क्षीण झालेला असतो. तेव्हा मदतीला येतात पोटरीचे स्नायू. पाऊल टाकताना ते आवळले जातात, आतल्या नीला पिळल्या जातात आणि रक्त वर ढकलले जाते. नीलांतील झडपा ते परत खाली येऊ देत नाहीत. निरोगी माणूस चालू लागला, की तोच दाब ३० मिलिमीटरच्या आसपास उतरतो. फुगलेल्या नीलांत बिघडलेल्या असतात त्या या झडपाच.

झडपांचे काम विल्यम हार्वे याने १६२८ साली आपल्या ग्रंथात दंडाला पट्टी बांधून दाखवले होते. चित्रे आजही पाहण्यासारखी आहेत.

पंप थांबला तर? १९४० साली लंडनवर बाँबवर्षाव होत असता लोक आश्रयस्थानांत आरामखुर्च्यांवर बसून रात्री काढीत. खुर्चीची कड मांडीखाली रुते. काहींच्या पायांत रक्ताच्या गुठळ्या झाल्या, त्या फुप्फुसांत जाऊन अडकल्या आणि माणसे दगावली. डॉ. कीथ सिम्प्सन यांनी त्याच वर्षी हे नोंदवले.

लांबच्या प्रवासातही आपण असेच बसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालानुसार चार तासांहून अधिक बैठ्या प्रवासाने गुठळीचा धोका सुमारे दुप्पट होतो; मग विमान असो वा बस. निरोगी माणसाला तो तरीही थोडाच. पण नीलेवर नुकताच उपचार झाला असेल, तर काही आठवडे लांबचा प्रवास डॉक्टरांना विचारूनच करावा, त्यांनी दिलेले घट्ट मोजे घालावेत आणि अधूनमधून उठावे. उठता येत नसेल, तर बसल्या जागी टाचा व चवडे आळीपाळीने उचलावेत; पंप तेवढ्यानेही चालतो. एकच पाय सुजून दुखू लागला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे, आणि एकाएकी धाप लागली किंवा छातीत दुखू लागले, तर तडक रुग्णालय गाठावे.