मुलांच्या हाती काय द्यावे?

अयोग्य मजकुरापासून मुलांना दूर ठेवायचे तर त्यांच्या हाती चांगले काही द्यावे, हा मराठी ख्रिस्ती समाजातला जुना मार्ग आहे. 1842 साली अहमदनगरला ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू करणाऱ्या अमेरिकन मराठी मिशनने त्याच शतकात मुलांसाठी ‘बालबोधमेवा’ हे मासिक काढले. नुसत्या मनाईपेक्षा हा वारसा फार मोलाचा आहे.

कॅथलिक चर्चच्या ‘इंटर मिरिफिका’ या 4 डिसेंबर 1963 च्या आदेशानुसार नीतीला घातक कार्यक्रम व प्रकाशने घरात येऊ न देणे हे आईवडिलांचे कर्तव्य आहे. 2007 मध्ये पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी माध्यमविषयक संदेशात त्यापुढची गोष्ट सांगितली: मुलांना अभिजात बालसाहित्य, कला आणि उन्नत संगीत यांची गोडी लावावी, आणि त्यात पालकांचे स्वतःचे वागणे महत्त्वाचे.

आता पनवेलजवळच्या शिरढोणसारख्या गावातही चित्रपट मोबाइलवर पाहता येतात. 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार ओटीटीवरील मजकुराला वयोगटाची खूण लागते. ‘यू/ए 13+’ आणि त्यावरील वर्गांसाठी पालकांना कुलूप लावण्याची सोय देणे कंपन्यांना बंधनकारक आहे. ते कुलूप मात्र पालकांनीच लावायचे असते.