भिंत उभी राहण्याआधी पाइपचा नकाशा: लातूर-नांदेडच्या इलेक्ट्रिशियनसाठी एक वेगळं काम

आजचा विषय थोडा तांत्रिक आहे, पण आहे पक्का धंद्याचा. ज्यांनी आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन केलंय, एखाद्या ठेकेदाराकडे दोन-चार वर्षं काम केलंय आणि आता स्वतःचं काहीतरी सुरू करायचंय, त्यांनी शेवटपर्यंत वाचा.

लातूरला औसा रोड-बार्शी रोडच्या बाजूला किंवा नांदेडला तरोडा, मालेगाव रोडकडे एक चक्कर मारा. प्लॉट घेऊन लोक स्वतःच घर बांधतायत. बिल्डर नसतो. गवंडी ठरवला, सेंटरिंगवाला ठरवला, सिमेंट-सळई आपण आणली, झालं. यातले बरेच जण आता लाल विटेऐवजी एएसी ब्लॉक वापरतात, स्लॅबवर उष्णता अडवणारा थर टाकतात. कारण आपला एप्रिल-मे. पारा ४२ च्या वर गेला की रात्री दोन वाजतासुद्धा भिंतीला हात लावला तर गरम लागतो. एएसी ब्लॉकमधून उष्णता भाजक्या विटेच्या मानाने साधारण चारपट कमी जाते, म्हणून लोक खिशातून जास्तीचे पैसे काढतात.

आणि इलेक्ट्रिशियनला फोन कधी येतो? भिंती उभ्या राहिल्यावर. मग छिन्नी-हातोडा घेऊन तो येतो आणि मालकाने ज्या भिंतीसाठी जादा पैसे मोजले, तीच भिंत फोडायला सुरुवात करतो. पॉइंटच्या भावाने काम घेतलेलं असतं, त्यामुळे जितकं लवकर उरकेल तितकं बरं. त्याचाही दोष नाही म्हणा. विचार करायचे पैसे त्याला कुणी देतच नाही.

तर ते पैसे मागायला शिका. आजचा मुद्दा एवढाच आहे.

माळवदापासून ब्लॉकपर्यंत

मराठवाड्याला थंड घर नवीन नाही. दोन-अडीच फूट जाडीच्या दगड-मातीच्या भिंती आणि वर मातीचं जाड माळवद. उन्हाळ्यात आत गारवा. त्या भिंतीत झिरी मारता यायची नाही, म्हणून वायरिंग लाकडी पट्टीवरून बाहेरूनच फिरायचं. दिसायला साधं, पण भिंतीला धक्का नाही.

त्याच भिंती आणि त्याच माळवदाचं वजन ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात झोपलेल्या माणसांवर कोसळलं. हजारो माणसं गेली. तोवर हा भाग भूकंपाच्या नकाशावर सगळ्यात कमी धोक्याच्या झोनमध्ये होता. आणि २०२४ मध्ये हिंगोली जिल्ह्यात केंद्र असलेले ४.५ तीव्रतेचे धक्के नांदेडकरांनीही अनुभवले, म्हणजे हा विषय फक्त लातूरचा नाही.

किल्लारीनंतर पुनर्वसनाच्या घरांमध्ये जोत्याजवळ, दारा-खिडक्यांवर आणि छताखाली सलग पट्टा टाकण्यावर भर दिला गेला. हा आरसीसी पट्टा सगळ्या भिंतींना एकत्र बांधून ठेवतो. आता सांगा, उशिरा आलेला इलेक्ट्रिशियन खिडकीच्या वर पाइप न्यायला काय फोडतो? तोच पट्टा! कधीकधी आतली सळईसुद्धा कापतो. मालकाला कळत नाही, प्लास्टरखाली सगळं झाकून जातं.

पाइपचा नकाशा आधी असेल तर पट्टा भरतानाच त्यात उभी स्लीव्ह ठेवता येते. दहा मिनिटांचं काम आहे. जागा मात्र स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारूनच ठरवायची.

झिरी मारायचीच असेल तर हिशेब पाठ ठेवा. भार पेलणाऱ्या भिंतीत उभी झिरी जाडीच्या एक तृतीयांशपेक्षा खोल नको, आडवी एक षष्ठांशपेक्षा खोल नको. २०० मिलिमीटरच्या भिंतीत उभी ६६, आडवी फक्त ३३. कॉलम-बीमच्या घरात भिंत भार पेलत नाही, पण मी तिथेही हाच नियम धरतो. १०० मिलिमीटरच्या पार्टिशनमध्ये तर मेटल बॉक्सच जवळपास अर्धी जाडी खातो, तेव्हा दोन्ही खोल्यांचे बॉक्स पाठीला पाठ लावून कधीच बसवू नका. एएसी ब्लॉकवर छिन्नी चालवायची नाही, ब्लॉक तडकतो. झिरीसाठी कटर मशीन वापरा, पाइप बसवून झिरी नीट भरा आणि प्लास्टरआधी वरून जाळी लावा. नाहीतर सहा महिन्यांत पाइपच्या रेषेवर भेग उमटते.

बाहेरच्या भिंतीला हात लावू नका

नकाशा काढताना माझा पहिला नियम: बोर्ड शक्यतो आतल्या भिंतींवर. विशेषतः पश्चिमेची भिंत मोकळी सोडा, दुपारनंतरचं ऊन तीच झेलते. एसीचा पाइप, बाहेरचा दिवा, बेल, कॅमेरा यांच्यासाठी बाहेर जावंच लागतं, पण जिथून जाल तिथे वायर ओढून झाल्यावर पाइपचं तोंड सीलंटने बंद करा. उघडा पाइप म्हणजे वाऱ्याचा बोगदा. उन्हाळ्यात त्यातून गरम हवा आणि धूळ येते, पावसाळ्यात एसीच्या थंड खोलीतल्या बॉक्समध्ये दमट हवा शिरून पाणी धरतं. पाली आणि मुंग्या येतात त्या वेगळ्याच.

स्लॅबचं काम तर अजून नाजूक. स्लॅबमध्ये आयएसआय मार्कचा मिडियम किंवा हेवी पाइपच टाका, हलका पाइप काँक्रीट ओतताना चेपतो. पाइपांचा जुडगा करून नेऊ नका. दोन पाइपांत पाइपच्या तिप्पट अंतर ठेवा, म्हणजे मध्ये काँक्रीट उतरतं. आणि एक-दोन रिकामे पाइप गच्चीपर्यंत काढून ठेवा. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटच्या सोलरला ७८ हजार रुपये केंद्राचं अनुदान आहे, त्यामुळे आज नाही तर दोन वर्षांनी मालक पॅनल बसवणारच. तेव्हा तयार वॉटरप्रूफिंग आणि उष्णतारोधक थर फोडून केबल खाली आणायची वेळ त्याच्यावर येऊ नये. पाइपचं वरचं तोंड उलट्या यू आकारात खाली वळवा, पाणी शिरणार नाही.

एक गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. उष्णता अडवणाऱ्या थरातून वायर नेली तर वायरची स्वतःची उष्णताही बाहेर पडत नाही. चारी बाजूंनी असा थर असलेली वायर अर्धा मीटर किंवा जास्त अंतर गेली, तर तिची करंट वाहायची क्षमता जवळपास निम्मी धरायची असते. एसी, गिझरची लाइन अशा थरातून नेऊ नका. पर्याय नसेल तर जाड वायर घ्या. आणि पाइप ४० टक्क्यांपेक्षा जास्त भरू नका.

याचे पैसे कसे घ्यायचे?

समजा, चौरस फुटाला ५ रुपये धरले. १२०० चौरस फुटांच्या घराचे ६ हजार. त्यात काय देणार? मालक-मालकिणीसोबत दोन तासांची बैठक (मिक्सर कुठे, देवघरातला दिवा कुठे, आजोबांचा पलंग कुठे, इन्व्हर्टर कुठे हे वहिनींना विचारा, त्यांना जास्त माहीत असतं), प्रत्येक भिंतीचं मापांसह चित्र आणि साइटवर तीन फेऱ्या: पट्टा भरण्याआधी, स्लॅब टाकण्याआधी, प्लास्टरआधी. महिन्याला चार घरं मिळाली तर २४ हजार होतात, त्यातून पेट्रोल आणि प्रिंट वजा करा. वायरिंगचं कामही बहुतेक वेळा तुमच्याकडेच येतं, पण ते वेगळ्या बिलात लिहा. एकत्र केलं की मालक नकाशा फुकटातला समजतो.

वायरिंग घेणार असाल तर परवाना असलेल्या विद्युत ठेकेदाराशी जोडून घ्या किंवा स्वतःचा परवाना काढा. महावितरणच्या नव्या कनेक्शनला ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो, तिथे जुगाड चालत नाही.

गिऱ्हाईक शोधायला जाहिरात नको. एएसी ब्लॉकचा डीलर, आरसीसी डिझाइन करणारा इंजिनिअर आणि गवंडी या तिघांना भेटा. गवंड्याशी बोलताना त्याला शिकवायला जाऊ नका. "दादा, तुमची भिंत पुन्हा फोडावी लागणार नाही, दुरुस्तीचा वेळ वाचेल," एवढंच म्हणा.

आणि फोटो. प्रत्येक भिंतीचा, मेजर टेप लावून, पाइप दिसत असताना. उद्या मालक आरओ मशीन किंवा टीव्ही लावायला ड्रिल मारेल तेव्हा याच फोटोंसाठी तुमचा नंबर शोधेल आणि शेजाऱ्यालाही देईल. गवंडी सोमवारी प्लास्टर धरणार असेल तर रविवारी संध्याकाळपर्यंत फोटो काढून झालेले पाहिजेत, तो तुमच्यासाठी थांबणार नाही.