न दुखणाऱ्या डोळ्याची चहाडी

ऐका रे पोरांनो. उकाई धरणाचे दरवाजे उघडले की आपल्या हजीऱ्याकडे तापी फुगून येते आणि वर खानदेशात पाऊस झाल्याचं इथं बसून कळतं. डोळ्यातलं पाणीही तसंच आहे, आतली बातमी बाहेर आणतं.

डोळ्यावर एका वेळी जेमतेम सात मायक्रोलिटर पाणी असतं, म्हणजे धड एक थेंबही नाही. पण त्यात शेकडो प्रथिनं! त्यातलं लायसोझाइम जंतूंच्या भिंती फोडतं. ते अलेक्झांडर फ्लेमिंगला १९२१ साली सापडलं. मग पठ्ठ्यानं लिंबाची साल पिळून सहकाऱ्यांना रडवलं आणि आसवं जमवली.

आता ही आसवं कुठली बातमी आणू शकतात, ते ऐका. गुडघे धरणं हा काही आम्हा म्हाताऱ्यांचाच मक्ता नाही. लहान मुलांनाही संधिवात होतो. शरीराची राखणदार फौजच सांध्यांवर उलटते. गुडघा सुजतो, सकाळी पाय आखडतो. अशा दहा मुलांतल्या एकादोघांच्या डोळ्यातही सूज शिरते. अगदी लहान वयात, मोजक्याच सांध्यांत दुखणं सुरू झालेल्या मुलींना धोका अधिक. आणि ही सूज महालबाड! बहुतेकदा डोळा लाल होत नाही, दुखत नाही. पोर खुशाल खेळत असतं आणि आत बुबुळाचा पडदा मागच्या भिंगाला चिकटत जातो. मोतीबिंदू, काचबिंदू मागाहून येतात.

डोळ्याच्या आतलं पाणी तपासावं तर सुई घालावी लागते. कोणतं पोर घालू देईल? म्हणून शास्त्रज्ञ बाहेरच्या आसवांकडे वळले. खालच्या पापणीत गाळणकागदाची पाच मिलिमीटर रुंद पट्टी अडकवायची. ही युक्ती ओटो शिर्मर या जर्मन डॉक्टरची, १९०३ सालची. अमेरिकेत डॉ. शीला अँजेलिस-हान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डोळ्यात सूज असलेल्या मुलांच्या आसवांमधली प्रथिनं तपासली, २०१८ मध्ये ते काम प्रसिद्ध झालं. संशोधकांचा डोळा विशेषतः एस१०० घराण्यातल्या प्रथिनांवर आहे. पांढऱ्या पेशी चवताळल्या की ती बाहेर टाकतात.

पण उतावीळ होऊ नका. आसवांची ही परीक्षा अजून प्रयोगशाळेतलीच आहे. आज खरा निवाडा करतो तो डोळ्याच्या आत बघायचा डॉक्टरचा दिवा, स्लिट लॅम्प. सूज वेळेवर दिसली तर औषधं आहेत, नजर वाचते.

तेव्हा तुमच्या वर्गात कुणाला हा संधिवात असेल, तर त्याच्या आईला जरूर सांगा: डोळा दुखत नसला तरी डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या, आणि ते सांगतील तसं, बहुधा दर तीन महिन्यांनी, पुन्हा न्या.