ढासळलेला बुरूज

दिवाळीत कोल्हापूरच्या पेठांमध्ये दारोदारी पोरं मातीचा पन्हाळगड उभारतात आणि ऐन पाडव्याला मांजर नाहीतर सुतळी बॉम्ब त्याचा बुरूज पाडतो. पडलेल्या जागी घाईनं थापलेला ओला गोळा सकाळी सुटून हातात येतो. वाळलेली माती ओल्या मातीतलं पाणी ओढून घेते. नवा थर आकसतो, जुन्याचं आकसणं आधीच संपलेलं असतं, मग सांध्यावर भेग पडते. काळ्या मातीत तर फारच, कारण तिचे कण पाणी पिऊन फुगतात. म्हणून तुटलेली कड खरवडून भिजवा, पातळ चिखल माखा, वर भाताचं तूस मिसळलेली माती चढवा. तूस भेगा वाढू देत नाही. वाळवायचं सावलीतच. पडला तो चार दरवाजा असेल, तर खुशाल राहू द्या; गडावरचा खरा चार दरवाजा इंग्रजांनी १८४४ मध्येच पाडलाय.