सशांच्या चिघळलेल्या जखमांवर लेसर उपचार

सशाच्या जखमेतील पू गाई-म्हशींच्या पुवासारखा वाहून जात नाही. तो घट्ट, चक्क्यासारखा असतो आणि त्याभोवती जाड आवरण तयार होते. रक्तातून येणारे औषध या आवरणाच्या आत पुरेसे पोहोचत नाही. त्यामुळे गळूला चीर देऊन पू पिळून काढला, तरी ते पुन्हा भरते. अशा जखमांसाठी पशुवैद्यकीय चिकित्सालयांत आता लेसर उपचाराचा पूरक म्हणून वापर होऊ लागला आहे.

सशाच्या तळपायाला कुत्र्या-मांजरासारखी मांसल गादी नसते. केवळ दाट केसांचे आच्छादन असते. तारेच्या जाळीवर किंवा ओल्या, मूत्राने भिजलेल्या तळावर सतत बसल्याने ते झिजते आणि टाचेला व्रण पडतो. एकत्र ठेवलेल्या प्रौढ नरांच्या भांडणातील चावे, तसेच अंगोरा सशांची लोकर कातरताना पातळ त्वचेला बसणारी कात्री, हीदेखील नेहमीची कारणे होत. अशा जखमांत स्टॅफिलोकोकस ऑरियस आणि पाश्चुरेला मल्टोसिडा हे जिवाणू वारंवार आढळतात. प्रतिजैविकांची निवड मात्र मर्यादित आहे. अ‍ॅम्पिसिलिन, लिंकोमायसिन किंवा क्लिंडामायसिन तोंडावाटे दिल्यास आतड्यातील उपयुक्त जिवाणूंचा समतोल ढळतो आणि ससा प्राणघातक हगवणीने दगावू शकतो. गुरांसाठी घरात उरलेले औषध सशाला देणे म्हणूनच धोक्याचे आहे.

लेसरच्या या उपयोगाचा माग 1960च्या दशकातील बुडापेस्टपर्यंत जातो. तेथे एन्द्रे मेस्टर यांना मंद लेसर पडलेल्या उंदरांच्या त्वचेवर केस अधिक वेगाने वाढताना दिसले. या उपचारात ऊती कापली किंवा जाळली जात नाही. साधारण 600 ते 1000 नॅनोमीटर तरंगलांबीचा लाल वा अवरक्त प्रकाश पेशींतील तंतुकणिकांमध्ये, मुख्यतः सायटोक्रोम सी ऑक्सिडेज या विकराद्वारे, शोषला जातो, असे मानले जाते. त्यामुळे पेशीतील ऊर्जानिर्मिती वाढते, स्थानिक रक्ताभिसरण सुधारते, सूज व वेदना कमी होतात आणि नवी ऊती भरून येण्यास मदत होते.

मात्रा ज्यूल प्रति चौरस सेंटीमीटर या एककात मोजतात. उदाहरणार्थ, 10 चौरस सेंटीमीटर जखमेला दर चौरस सेंटीमीटरला 4 ज्यूल द्यायचे असतील, तर एकूण 40 ज्यूल लागतात. अर्ध्या वॅटच्या यंत्राला त्यासाठी 80 सेकंद पुरतात. अधिक वेळ म्हणजे अधिक लाभ, हा समज येथे चुकीचा ठरतो, कारण मात्रा फार वाढल्यास पेशींचे कार्य उलट मंदावते. काळी त्वचा आणि काळे केस प्रकाश अधिक शोषून लवकर तापतात. त्यामुळे पांढऱ्या न्यूझीलंड व्हाइट सशासाठी बसवलेले मान गडद रंगाच्या सशाला जसेच्या तसे लावू नये.

या मंद लेसरला जंतुनाशक समजू नये. आधी पू व मृत ऊती काढून जखम धुवावी लागते. बंद गळूवर वरून प्रकाश टाकून उपयोग नाही, ते आवरणासह शस्त्रक्रियेने काढणेच श्रेयस्कर. जंतू मारण्यासाठी वेगळी पद्धत आहे. तिच्यात जखमेवर मिथिलीन ब्ल्यूसारखा रंगद्रव्याचा द्राव लावून लाल प्रकाश देतात. त्यातून निर्माण होणारा क्रियाशील ऑक्सिजन जिवाणूंचा नाश करतो. नेहमीच्या प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जिवाणूंच्या दृष्टीने ही पद्धत विशेष लक्ष देण्याजोगी आहे.

उपचारापूर्वी जखमेभोवतीचे केस अलगद कापावेत आणि मलम पुसून घ्यावे. ससा धरताना मागच्या भागाला आधार द्यावा. त्याने जोरात लाथ झाडल्यास पाठीचा कणा मोडू शकतो. उपस्थित सर्वांनी त्या तरंगलांबीसाठीचा संरक्षक चष्मा लावावा आणि सशाचे डोळेही झाकावेत. कर्करोगाची गाठ तसेच गाभण मादीचे पोट यांवर लेसर वर्ज्य आहे. उपचाराच्या काळात पिंजऱ्यात जाळीवर बसण्यासाठी कोरडी फळी ठेवावी. तळ तसाच राहिला तर व्रण पुन्हा उघडतो. पावसाळ्यात जखमेवर माश्या अंडी घालतात, म्हणून ती दिवसातून दोनदा तपासावी. सशाने बारा तास चारा तोंडात घेतला नाही, तर लेसरच्या पुढील तारखेची वाट न पाहता त्याला पशुवैद्यकाकडे न्यावे.